भदंत ञाणतिलोक महाथेर : बेटावरचे घर आणि त्या घरातली माणसे

गाव सोडून शिक्षणाला किंवा नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे पहिला प्रश्न असतो, राहायचे कुठे? भाडे किती, पाणी येते का, स्टेशन किती लांब, हे आपण विचारतो. घरमालक मात्र आपल्याला आडनाव विचारतो. जागा आपण निवडतो असे आपल्याला वाटते, पण जागाही आपल्याला स्वीकारत किंवा नाकारत असते. १९१७ मध्ये बडोद्यात बाबासाहेबांना याचा जो अनुभव आला, तो आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणूनच आज आम्ही एका अशा भिक्षूचे जीवन सांगत आहोत, ज्यांनी राहण्याच्या जागेसाठी अर्धे जग पालथे घातले. शेवटी त्यांनी सिलोनमधले, म्हणजे आजच्या श्रीलंकेतले, एक निर्जन बेट निवडले. दोन महायुद्धांत ते बेट त्यांच्याकडून दोनदा सुटले आणि दोन्ही वेळा ते तिथेच परतले. त्यांचे नाव भदंत ञाणतिलोक महाथेर. पालीच्या विद्यार्थ्यांना हे नाव त्यांच्या बौद्ध कोशामुळे माहीत असते. आम्हाला ते आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे वाटते. त्या बेटावर त्यांनी कोणाला जागा दिली, ते कारण आहे.

व्हायोलिन वाजवणारा तरुण

ञाणतिलोक यांचे मूळ नाव आंटोन ग्वेथ. जन्म १९ फेब्रुवारी १८७८, जर्मनीतल्या वीसबाडेन शहरात. घर कॅथलिक, वडील शाळेचे मुख्याध्यापक. मुलाला संगीताची ओढ होती. फ्रँकफुर्ट आणि पुढे पॅरिस येथे त्याने संगीताचे रीतसर शिक्षण घेतले. व्हायोलिन हे त्याचे मुख्य वाद्य. याच काळात बौद्ध धम्मावरचे एक व्याख्यान त्याच्या कानावर पडले आणि पूर्वेकडे जाऊन भिक्षू व्हायचे त्याने मनाशी पक्के केले.

पैसे नव्हते. व्हायोलिन वाजवून मिळणाऱ्या कमाईवर मजल दरमजल करीत तो निघाला. अल्जीरिया, थेस्सालोनिकी, कैरो, पोर्ट सैद, मग मुंबई आणि तिथून सिलोन. तिथून पुढे तो ब्रह्मदेशात पोहोचला. १९०३ मध्ये रंगूनला त्याने श्रामणेर दीक्षा घेतली आणि १९०४ च्या सुरुवातीला उपसंपदा. ग्वेथचे ञाणतिलोक झाले. तेव्हा वय होते अवघे सव्वीस.

इथे मराठी वाचकाला आनंद वाटेल असा एक धागा आहे. ब्रह्मदेशातल्या त्या दिवसांत त्यांना एक सोबती भेटला, धर्मानंद कोसंबी. गोव्यातल्या साखवाळ गावचे कोसंबी बौद्ध धम्माच्या शोधात घर सोडून निघाले होते. १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांकडे ते श्रामणेर झाले आणि नंतर ब्रह्मदेशात आले. हे दोघे मिळून उत्तर ब्रह्मदेशात गेले आणि सगाईंगच्या डोंगरातल्या गुहांमध्ये राहून त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला. एक वीसबाडेनचा, दुसरा गोव्याचा. दोघांनाही जन्मगावात जे मिळाले नाही ते शोधायला दोघेही परमुलखात आले होते.

थंडीने शिकवलेला धडा

भिक्षूने कुठे राहावे, याचा विचार आपल्या परंपरेत फार जुना आहे. जागा गावापासून फार दूर नसावी, फार जवळही नसावी. जाणे-येणे सोपे असावे, दिवसा गर्दी नसावी, रात्री गोंगाट नसावा. डास, वारा, ऊन, साप-विंचू यांचा त्रास कमी असावा. चीवर, भोजन, औषध सहज मिळावे आणि धम्म जाणणारे वडीलधारे भिक्षू जवळ असावेत. सुत्तांतून येणारी ही यादी वाचली की लक्षात येते, तथागतांनी निवासाचा प्रश्न अगदी व्यवहाराच्या पायावर मांडला होता. देखावा सुंदर असावा, ही अट त्यात कुठेच नाही.

ञाणतिलोकांना ही यादी नुसती वाचून भागले नाही. ती त्यांना अंगावर सोसून समजून घ्यावी लागली. १९०५ च्या सुमारास सिलोनच्या दक्षिण टोकाला मातर शहराजवळच्या एका चिमुकल्या बेटावर ते काही काळ राहिले. सयामच्या राजघराण्यातले एक राजपुत्र भिक्षू होऊन तिथे झावळ्यांच्या झोपडीत राहत होते. बेटावर राहण्याची कल्पना त्यांच्या मनात तिथेच रुजली असावी, असे आम्हाला वाटते.

पण आधी त्यांना युरोपात विहार उभारायचा होता. आपल्या लोकांना त्यांच्याच देशात धम्म मिळावा, ही इच्छा त्यामागे होती. १९०९ च्या अखेरीस ते स्वित्झर्लंडच्या दक्षिण भागात, लुगानोजवळच्या डोंगरात जाऊन राहिले. विहाराचे आराखडेही तयार झाले. पण हिवाळा कडक होता. उष्ण प्रदेशासाठी असलेली तीन चीवरे, भिक्षूचा एकवेळचा आहार आणि पिंडपात म्हणजे काय हे ठाऊक नसलेला शेजार. छातीचा विकार जडला, शरीर कुपोषणाने खंगले. मग उबदार हवेसाठी ते उत्तर आफ्रिकेत ट्युनिशियाला गेले. तिथल्या सरकारने त्यांना राहू दिले नाही. शेवटी स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात बर्जिए नावाच्या एका उपासकाने त्यांना आसरा दिला.

समाजशास्त्राच्या अंगाने पाहिले तर यात एक साधी गोष्ट दिसते. भिक्षू एकटा दिसतो, पण तो एकटा जगू शकत नाही. त्याच्या पात्रात अन्न टाकणारा समाज आजूबाजूला असावा लागतो. डोंगर, शांतता आणि स्वच्छ हवा हे सगळे लुगानोला होते. नव्हता तो फक्त उपासकांचा समाज. जागा चांगली असून भागत नाही, तिथे आपल्याला धरून ठेवणारी माणसे लागतात. हे समजल्यावर त्यांनी १९११ मध्ये पुन्हा सिलोनची वाट धरली.

पोलगसदूवा

सिलोनच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, कोलंबोहून गॉलकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर दोदंदूवा हे गाव आहे. गावाला लागून रत्गम नावाचे मोठे खारे सरोवर आहे आणि त्या सरोवरात झाडीने भरलेली बेटे आहेत. त्यांपैकी एक पोलगसदूवा. सिंहलीत याचा अर्थ माडांचे बेट. जंगल माजलेले आणि मनुष्यवस्ती नसलेले हे बेट त्यांच्या एका सहकारी भिक्षूच्या नजरेस पडले होते. ९ जुलै १९११ रोजी, वर्षावासाच्या तोंडावर, ञाणतिलोक आणि त्यांचे सहकारी साध्या लाकडी कुट्यांमध्ये राहायला आले. बेटावर साप पुष्कळ होते. दमट हवा, डास आणि पावसाळा हे तर ठरलेलेच.

तरीही ही निवड विचारपूर्वक होती. भोवती पाणी असल्यामुळे विनाकारण कोणी येणार नाही. गाव होडीच्या अंतरावर असल्यामुळे भोजनदान घेऊन उपासक येऊ शकतील. रेल्वे जवळ असल्यामुळे पुस्तके, पत्रे, नवे विद्यार्थी पोहोचू शकतील. थंडी नसल्यामुळे चीवर पुरेल. फार दूर नाही, फार जवळ नाही, ही जुनी कसोटी या बेटाने पार केली. साप तेवढे राहिले. त्यांच्याशी जमवून घेतले गेले.

दोदंदूवाच्या गावकऱ्यांनी या परदेशी भिक्षूंना सांभाळले. होडीतून अन्न येऊ लागले. त्याच वर्षी फ्रेंच प्रवासी आणि लेखिका अलेक्झांड्रा डेव्हिड-नील तिथे येऊन ञाणतिलोकांकडे पाली शिकल्या. पुढे १९१४ मध्ये लोझानच्या बर्जिए यांनी ते बेट मालकाकडून विकत घेऊन आश्रमाला दिले. नंतर शेजारचे बेटही आश्रमाला जोडले गेले. जगभर हे ठिकाण द्वीपाश्रम म्हणून ओळखले जाऊ लागले. पाश्चात्त्य देशांतून आलेल्या भिक्षूंचे थेरवादी जगातले हे एक पहिले मोठे केंद्र.

बेटावर कोणाला जागा मिळाली

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

सिलोन हा बौद्ध देश, पण जातीपासून मुक्त नव्हता. अठराव्या शतकात सयामहून उपसंपदेची परंपरा आणून सियम निकाय स्थापन झाला. थोड्याच काळात त्यात फक्त गोविगम या वरच्या शेतकरी जातीच्या मुलांना उपसंपदा देण्याचा रिवाज पडला. बाकी जातींतल्या श्रामणेरांना ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली आणि १८०३ पासून अमरपुर निकाय सुरू झाला. म्हणजे ज्या संघात शिरताना नदी समुद्राला मिळाल्यासारखे कुळ-गोत्र संपावे, अशी तथागतांची शिकवण, त्याच संघाच्या दारात जात विचारली जात होती.

या उतरंडीच्या अगदी तळाशी रोडिया होते. गावाबाहेर वस्ती आणि भीक मागून जगणे त्यांच्यावर लादलेले होते. राजेशाहीच्या काळात तर त्यांच्या स्त्री-पुरुषांना कमरेच्या वर वस्त्र घेण्याचीही मनाई होती. आपल्या वाचकांना यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही. मडके आणि झाडूचा इतिहास आपण विसरलेलो नाही.

१९१३ मध्ये, बेटावर येऊन दोनच वर्षे झाली असताना, ञाणतिलोकांनी या रोडियांमध्ये काम सुरू केले. सुरुवात कँडीच्या पश्चिमेला कडुगन्नावच्या भागात झाली. वस्तीत जाऊन धम्म सांगणे एवढ्यावर ते थांबले नाहीत. काही रोडियांना त्यांनी बेटावर आणले. ते तिथे राहू लागले, शिकू लागले. रोडियांच्या नायकाच्या मुलाला त्यांनी श्रामणेर केले आणि त्याचे नाव ठेवले ञाणालोक.

याचा अर्थ नीट समजून घेऊया. भिक्षूला वंदन करताना उपासक खाली वाकतो. ज्याची सावली टाळायची असे वरच्या जातींना शिकवलेले होते, त्याच्यासमोर आता चीवर पाहून वाकावे लागणार होते. त्याच्या पात्रात आदराने दान द्यावे लागणार होते. साहजिकच ञाणतिलोकांवर टीका झाली. बेटावर जातपात पाळली जात नाही, हा त्यांच्यावरचा आक्षेप होता. ज्यांच्या अन्नावर आश्रम चालतो तो समाज दुखावला तर चूल बंद होऊ शकते, ही भीती खरी होती. लुगानोत उपासकांशिवाय राहणे म्हणजे काय हे त्यांनी भोगले होते. तरीही त्यांनी त्या मुलांना परत पाठवले नाही.

परदेशी माणसाला हे सोपे होते, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. त्यांची उपसंपदा ब्रह्मदेशातली, त्यांना सिंहली जात नव्हती, त्यामुळे स्थानिक निकायांच्या जातीच्या बंधनात ते अडकलेले नव्हते. पण बाहेरून आलेली बहुतेक माणसे नव्या जागी टिकून राहण्यासाठी तिथल्या बलवानांशी जुळवून घेतात. वसाहतीच्या काळात असंख्य गोऱ्यांनी तेच केले. ञाणतिलोक आपल्या बाहेरचेपणाचा उपयोग वेगळ्या कामासाठी करू शकले. जे काम आतल्या माणसाला जड गेले असते, ते त्यांनी केले. आम्हाला त्यांचे मोठेपण इथे दिसते.

दोन युद्धे, दोन वनवास

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. सिलोनवर इंग्रजांचे राज्य आणि ञाणतिलोक जन्माने जर्मन. चीवर घातलेल्या, शस्त्राला कधी हात न लावलेल्या माणसाला शत्रू ठरवायला त्याचा जन्मदेश पुरेसा होता. त्यांना आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांना दियतलावच्या छावणीत टाकले गेले. १९१५ मध्ये तिथून ऑस्ट्रेलियात नेले. पुढे सुटका झाल्यावर ते होनोलुलूमार्गे चीनमध्ये गेले, तर १९१७ मध्ये चीनही युद्धात उतरला आणि तिथे त्यांना पुन्हा कैद झाली. १९१९ मध्ये ते जर्मनीत परत पाठवले गेले.

१९१७ हे साल आम्ही लेखाच्या सुरुवातीला सांगितले होते. त्या वर्षी बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून एका अस्पृश्य विद्वानाला सामानासह बाहेर काढले गेले आणि त्याच वर्षी चीनमध्ये एका जर्मन भिक्षूला डांबले गेले. एकाला जातीने बेघर केले, दुसऱ्याला राष्ट्राने. दोघांची दुःखे सारखी नाहीत. भिक्षूने घर स्वतः सोडले होते, बाबासाहेबांना घर नाकारले गेले होते. पण माणूस कोण आहे हे न पाहता त्याचा जन्म पाहायचा, ही रीत दोन्हीकडे एकच आहे.

युद्ध संपले तरी इंग्रज सरकारने ञाणतिलोकांना सिलोनमध्ये पाय ठेवू दिला नाही. ते जपानला गेले. तिथे पाली आणि जर्मन शिकवत त्यांनी दिवस काढले. १९२३ च्या टोकियोच्या महाभूकंपातून ते वाचले. अखेर १९२६ मध्ये परवानगी मिळाली आणि बारा वर्षांनी ते पोलगसदूवाला परतले. बेटावर पुन्हा रान माजले होते, कुट्यांची पडझड झाली होती. वय ४८. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून उभारणी केली.

पुढची तेरा वर्षे आश्रमाच्या भरभराटीची होती. जर्मनीत हिटलरची सत्ता आल्यावर तिथल्या काही ज्यू तरुणांनाही या बेटावर आसरा मिळाला. झीगमुंड फेनिगर हे त्यांपैकी एक. तेच पुढे ञाणपोनिक महाथेर म्हणून प्रसिद्ध झाले. ज्यांना जन्मभूमीने वंशावरून हाकलले, त्यांना रोडियांच्या मुलासोबत एकाच आश्रमात जागा मिळाली.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि पुन्हा दियतलावची छावणी नशिबी आली. नाझींच्या भीतीने पळून आलेले ञाणपोनिकही इंग्रजांच्या लेखी शत्रूच ठरले. पुढे त्यांना भारतात, देहरादूनच्या मोठ्या छावणीत हलवण्यात आले. काटेरी तारांच्या आत या भिक्षूंनी ग्रंथांचे काम चालू ठेवले. १९४६ मध्ये सुटका झाली तेव्हा ञाणतिलोक ६८ वर्षांचे होते. आणि ते परत गेले, त्याच बेटावर.

शेवटचा मुक्काम

१९५० मध्ये स्वतंत्र सिलोनने त्यांना नागरिकत्व दिले. ज्या देशात ते जवळपास अर्धशतकापूर्वी पहिल्यांदा उतरले होते, तिथून आता त्यांना कोणी काढू शकणार नव्हते. त्याच वर्षी कँडीला भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेबही सिलोनला गेले होते.

म्हातारपणी मात्र किनाऱ्यावरची दमट हवा त्यांना मानवेना. १९५१ मध्ये त्यांनी आपला मुक्काम कँडीजवळच्या उडवत्तकेले या राखीव वनात हलवला. तिथली हवा थंड, झाडी दाट आणि शहर हाकेच्या अंतरावर. ज्या बेटासाठी आयुष्यभर झगडले, ते शरीराची गरज बदलल्यावर त्यांनी सोडले. जागेवर प्रेम करावे, पण जागेला चिकटून राहू नये, हे त्यांनी कृतीने दाखवले. १९५२ मध्ये त्यांचा बौद्ध कोश प्रसिद्ध झाला. विसुद्धिमग्ग आणि अंगुत्तरनिकाय या ग्रंथांची त्यांनी केलेली जर्मन भाषांतरेही त्यांच्या मोठ्या कामांत गणली जातात. १९५४ मध्ये रंगूनला सुरू झालेल्या सहाव्या संगीतीत पाश्चात्त्य देशांत जन्मलेले दोनच भिक्षू सहभागी झाले, ञाणतिलोक आणि ञाणपोनिक.

२८ मे १९५७ रोजी कोलंबोत त्यांचे निर्वाण झाले. सिलोन सरकारने त्यांना शासकीय इतमामात निरोप दिला. त्यांच्यामागे बेटावरच्या आश्रमाची जबाबदारी कोणाकडे आली? ञाणालोक यांच्याकडे. रोडियांच्या नायकाचा तो मुलगा जगप्रसिद्ध द्वीपाश्रमाचा प्रमुख झाला. १९१३ मध्ये टीका करणाऱ्यांना ञाणतिलोकांनी वाद घालून किती उत्तरे दिली असतील ती असोत. हे उत्तर सर्वांत मोठे होते.

आपण यातून काय घ्यावे

आमच्या कामात पुणे-मुंबईकडे येणारे कितीतरी तरुण आम्हाला भेटतात. काही आता परदेशीही जाऊ लागले आहेत. नव्या जागी रुळण्याच्या धडपडीत काहींना वाटते की आपली ओळख झाकली म्हणजे सुटलो. काही चांगल्या सोसायटीत घर घेतात आणि मागे वळून पाहत नाहीत. घर चांगले असावे, शांत असावे, मुलांना शाळा जवळ असावी, यात गैर काहीच नाही. तथागतांनीही निवासाच्या सोयी मोजूनच सांगितल्या आहेत. पण ञाणतिलोकांचे जीवन त्या यादीत आणखी एक प्रश्न घालते. मला जागा मिळाल्यावर माझ्यामागून येणाऱ्याला माझ्या घरात जागा आहे का?

गावाकडून परीक्षेसाठी आलेल्या मुलाला चार दिवस आपल्या खोलीवर ठेवणे, हे या प्रश्नाचे उत्तर आहे. आपल्या विहारात पोटजात न विचारता प्रत्येकाला पुढे बसवणे, भटक्या-विमुक्तांच्या, सफाई कामगारांच्या मुलांना तिथल्या अभ्यासिकेत सामावून घेणे, हेही उत्तर आहे. आपल्यातही उतरंड आहे आणि ती मोडण्याचे काम आपल्याच दारात सुरू होते. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते पुस्तकांसाठी, पण त्या घराचे दार कार्यकर्त्यांसाठी उघडे होते, हे आपण जाणतो.

पोलगसदूवाचा आश्रम आजही आहे. तिथे जायला आजही होडी लागते. आपल्यापैकी कोणी श्रीलंकेच्या धम्मयात्रेला गेले, तर अनुराधपूर आणि कँडीबरोबर दोदंदूवालाही जरूर जावे. तिथल्या कुट्या पाहताना विद्वान जर्मन भिक्षूला वंदन करावेच, पण त्यांच्या पश्चात ते बेट सांभाळणाऱ्या ञाणालोक यांनाही तितक्याच आदराने वंदन करावे.

नमो बुद्धाय! जय भीम!